गाडी उन्हात लावा

दैवशाला बंडगरच्या प्रत्येक तंबूबरोबर एक छापील चिठ्ठी जायची. तिच्यावर ओळ एकच होती: गाडी उन्हात लावा. गिऱ्हाईक ती वाचायचं, कागद उलटून मागं आणखी काही लिहिलंय का बघायचं आणि मग हमखास विचारायचं, "ताई, छापताना काही चुकलंय का?"

छापताना काही चुकलं नव्हतं. पण गिऱ्हाइकाला तरी दोष कसा द्यायचा? सांगोला तालुक्यात जन्मलेला माणूस मे महिन्यात गाडी थांबवायची म्हटलं की आधी झाड शोधतो. झाड नाही मिळालं तर पाण्याची टाकी, तीही नाही तर निदान एखादी भिंत. त्यात हा २०३९ चा उन्हाळा. दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका, असा इशारा रोज सकाळी प्रत्येकाच्या मोबाइलवर ओरडत होता. अशा दिवसांत गाडी मुद्दाम उन्हात लावा आणि वर तिच्या हौद्यात जाऊन झोपा, असं सांगणारी बाई शहाणी कशी वाटणार?

दैवशालाची शेड बंडगरवाडीच्या टोकाला, घराला लागूनच, रस्त्याच्या कडेला होती. पिकअप गाड्यांच्या हौद्यांवर टाकायच्या ताडपत्र्या ती शिवायची. सोळा वर्षं हेच काम. डाळिंब नेणाऱ्यांना हवा खेळणारी ताडपत्री लागते, कडबा नेणाऱ्यांना उंच लागते, शेळ्या नेणाऱ्यांना बाजूनं उघडणारी. गाडी शेडसमोर उभी राहिली की ती नुसत्या नजरेनं माप सांगायची आणि मग टेपनं मोजून स्वतःचंच कौतुक करायची.

आदल्या वर्षीच्या दिवाळीनंतर डॉ. मेघना हिरेमठ नावाच्या बाई तिच्याकडे आल्या. सोलापुरात कापडावर संशोधन करायच्या. पुण्यातल्या एका कंपनीला पिकअपच्या हौद्यावर बसणारा तंबू हवा होता. शहरातली मंडळी सुट्टीत गाडी घेऊन डोंगराकडे जातात, हौद्यातच अंथरूण टाकतात, त्यांच्यासाठी. कापड डॉक्टरबाईंच्या प्रयोगशाळेतलं होतं. ते नाजूक होतं आणि नेहमीच्या कारखान्यात चिकटवायला गेलं की त्याचा गुण जायचा. हातानं, बेतानं शिवणारं माणूस पाहिजे होतं.

दैवशालानं कापड बोटांत धरलं. पांढरंशुभ्र, थोडं साबणासारखं बुळबुळीत. "यात विशेष काय?"

"उन्हात ठेवलं की गार होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

दैवशालानं त्यांना खुर्ची दिली आणि चहा ठेवला. असं बोलणाऱ्या माणसाला आधी सावलीत बसवावं, असा तिचा त्यात हिशेब होता.

पण डॉक्टरबाईंनी नीट समजावून सांगितलं. प्रत्येक वस्तू न दिसणारा प्रकाश सोडत असते, उष्णतेचा. तुम्ही, मी, हे शिलाई मशीन, सगळेच. त्यातला बहुतेक हवेत अडकतो आणि फिरून आपल्याच अंगावर येतो. पण त्या प्रकाशाचा एक पट्टा असा आहे की त्याला हवा अडवत नाही. तो सरळ आभाळ ओलांडून अंतराळात निघून जातो, आणि तिथं भयंकर थंडी आहे. हे कापड नेमकं त्याच पट्ट्यातून आपली उष्णता सोडतं. शिवाय वरून येणारं ऊन शंभरातले सत्त्याण्णव भाग परत फेकतं. येतं कमी आणि जातं जास्त, म्हणून ते भर दुपारी भोवतालच्या हवेपेक्षा गार राहतं. वीज नको आणि पाणीही नको.

"म्हंजे एसी कसा आपलं गरम वारं शेजाऱ्याच्या खिडकीत सोडतो," दैवशाला म्हणाली, "तसं हे आभाळात सोडतंय."

"अगदी तसंच. फक्त तिथं भांडायला कुणी नाही."

"ढग आलं तर?"

"कमी चालेल."

"आन झाड आलं तर?"

"झाडाखाली चालणारच नाही. कापडाला उघडं आभाळ दिसलं पाहिजे. झाडाची पानं हवेइतकीच गरम असतात, ती आपली उष्णता कापडावर टाकत राहतात."

दैवशालानं मान हलवली. तिला ते पटलं आणि लक्षातही राहिलं. पुढं जे झालं त्यात हीच गोष्ट तिला सगळ्यात जास्त बोचली.

पुण्याहून आलेलं चित्र घुमटाचं होतं. बाजूंना जाळीच्या खिडक्या, फोटोत फार छान. ती त्याप्रमाणे शिवून बसली आणि फजिती झाली. घुमटाची निम्मी पाठ आभाळाकडे बघते आणि निम्मी जमिनीकडे. माळावरची जमीन दुपारी साठ अंशांवर जाते, म्हणजे निम्मं कापड गार आणि निम्मं तव्यावर धरल्यासारखं. तिनं घुमट मोडला आणि छत आडवं केलं, बसकं, सगळंच्या सगळं आभाळाकडे तोंड करून. तरी आत धग राहिली. ती कुठून येते हे शोधायला ती स्वतः दोन तास आत बसली तेव्हा समजलं, हौद्याच्या बाजूंचे लोखंडी फाळके तापत होते. मग तिनं छताच्या कापडालाच लांब झालर लावली, फाळक्यांवरून पार चाकांपर्यंत येणारी. लोखंडी कमानींवर सुती पट्टी गुंडाळली. वाऱ्यासाठी चारही बाजूंना गुंडाळून वर करता येणारे पडदे ठेवले आणि खाली पत्र्यावर दोन घोंगड्या अंथरल्या, कारण पत्र्याची धग अडवायला घोंगडीइतकी चांगली वस्तू तिला माहीत नव्हती.

डॉक्टरबाईंनी तिला तापमान मोजायची एक छोटी बंदूक दिली होती. मार्चअखेरीस एका दुपारी बाहेर बेचाळीस होतं आणि छत तेहतीस. ती आत पाठ टेकून पडली. हवा काही फार थंड नव्हती, पण वरून धग येत नव्हती. उन्हाळ्यात घराचा स्लॅब जसा अंगावर बसतो तसं इथं काहीच बसत नव्हतं. तिला चक्क डुलकी लागली.

तंबू नवऱ्याच्या जुन्या पिकअपवर चढवलेला होता. बिरुदेवनं भाड्याच्या फेऱ्यांसाठी नवी बॅटरीवरची गाडी घेतली होती आणि जुनी शेडपाशी उभी असायची. मापं घ्यायला गाड्या मागंपुढं करता करता दैवशाला गाडी चालवायलाही शिकली होती.

हा तंबू पुण्यातल्या हौशी लोकांसाठी होता हे खरं. पण एप्रिल उजाडला तेव्हा तिच्या मनात एकच माणूस होतं. तिचा सासरा, सिदराम.

सिदराम एकाहत्तर वर्षांचा. जन्म मेंढरांमागं गेला, पाय अजून दणकट. पण आदल्या उन्हाळ्यात वाडीतली चार म्हातारी माणसं दुपारी आडवी झाली ती उठलीच नाहीत. त्यातला एक सिदरामचा चुलतभाऊ. घराचा स्लॅब तापायचा, भर दुपारी वीज जायची, आणि असली तरी पंखा नुसती धग ढवळायचा. सिदराम दारच्या कडुलिंबाखाली बाजेवर पडायचा. सावली होती, पण सेहेचाळीस अंशांच्या हवेला सावलीचं काय? संध्याकाळी उठताना तो बाजेच्या दांडीला धरून उभा राहायचा आणि कुणी बघत नाही ना हे बघायचा. दैवशाला बघायची.

तिचा त्याच्यावर जीव होता. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात तिनं नवऱ्यापाशी शिलाई मशीनचा विषय काढला होता. नवरा "बघू" म्हणाला. आठ दिवसांनी सिदराम मिरजेहून स्वतः मशीन घेऊन आला, उंबऱ्यात ठेवलं आणि एक शब्द न बोलता मेंढरांकडे निघून गेला. बाप असता तर यापेक्षा जास्त काय केलं असतं, असं तिला तेव्हा वाटलं होतं आणि अजूनही वाटायचं.

अडचण एवढीच की ही दोघं एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं, रीत होती. तो घरात शिरताना बाहेरूनच खाकरायचा, ती पदर सारखा करून आत सरकायची. बोलायचं ते बिरुदेवमार्फत. बिरुदेव नसला तर कोंबड्यांमार्फत. "च्या झाला आसंल तर बरं हुईल," असं सिदराम अंगणातल्या कोंबडीला सांगायचा आणि "उतू चाललाय, आणतेच," असं दैवशाला पातेल्याला सांगायची. चंद्रावर तळ उभारल्याची बातमी याच घरात मोबाइलवर वाचली जायची. पण सासरा-सुनेचं बोलणं सोळा वर्षं असंच वळसा घालून चाललं होतं आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

"मामांना सांगा, दुपारी तंबूत पडायचं," तिनं नवऱ्याला सांगितलं. "मी शेडमध्ये बसते. तंबू त्यांना एकट्याला."

बिरुदेवनं सांगितलं. सिदराम नाही म्हणाला. का नाही, तेही उघड होतं. पांढरा तंबू रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसायचा आणि आठवडाभर दैवशालाला त्यात झोपलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. शेजारच्या किसनबापूनं दोन दिवसांपूर्वीच चार माणसांत विचारलं होतं, "काय सिदूतात्या, सुनंच्या म्हालात कवा जाताय ऱ्हायला?" माणसं हसली होती. बापूच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याला जीभ आवरत नाही इतकंच. पण सिदराम तिथून उठून आला होता.

मेच्या पहिल्या आठवड्यात पारा पंचेचाळीसच्या खाली यायचं नाव घेईना, तेव्हा तो थोडा नमला. "लिंबाखाली लाव गाडी," तो बिरुदेवला म्हणाला. "पडदं समदं खाली सोड. मग पडतो."

बिरुदेव खूश होऊन आत आला. दैवशाला भाकरी थापत होती. ती थांबली.

"लिंबाखाली त्याचा काय उपयोग न्हाई. शिवाय पडदं खाली सोडलं तर आत वाराबी न्हाई. साधी बाज बरी. असं स्पष्ट सांगा त्यांना."

बिरुदेव बाहेर गेला. तो बापाला दुखावेल असं काही कधी बोलत नसे, म्हणून तर घर गुण्यागोविंदानं चाललं होतं. आतून तिला त्याचं बोलणं ऐकू आलं. "आण्णा, ती म्हनतीया, लिंबाखाली जरा कमी गार लागंल."

"कमी तर कमी," सिदराम म्हणाला.

उंबरा तिच्यापासून चार पावलांवर होता. चार पावलं टाकून बाहेर जायचं आणि म्हणायचं, मामा, जरा कमी नाही, अजिबात नाही. तिनं हाताचं पीठ झाडलंसुद्धा. मग तव्यावरची भाकरी करपायला लागली आणि ती परत वळली. करपली असती तर काय बिघडलं असतं, हे तिनं नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं लांबूनच बंदूक रोखून छत मोजलं. चव्वेचाळीस. बाहेर पंचेचाळीस. तिनं रात्री बिरुदेवला आकडे सांगितले. तो म्हणाला, "आत्ताच कुठं आत बसाय लागलाय. दोन दिस जाऊ दे, मग हळूच भायेर काढू." तिनं मान हलवली. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं, कारण सांगायचं काम पुढं ढकललं गेलं. असे तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी सत्तेचाळीसचा इशारा होता. बिरुदेव पहाटेच भाडं घेऊन मिरजेला गेला होता. दोनच्या सुमाराला दैवशाला घागर आणि तांब्या घेऊन लिंबाखाली आली आणि पडद्याबाहेर उभी राहून हवेला म्हणाली, "पाणी आणलंय."

आतून काही आलं नाही. ती थांबली. झोप लागली असेल. सून पडदा उचलत नाही. ती आणखी थांबली, आणि तो जो मिनिटभर वेळ ती रीत पाळत उभी होती तो तिला जन्मभर पुरला.

मग तिनं पडदा वर फेकला. आतली हवा भट्टीतून यावी तशी तोंडावर आली. सिदराम अंगात कोपरी, डोक्याला फेटा असा संपूर्ण कपड्यांत पडला होता. पलीकडच्या शेडमध्ये सून बसते म्हणून हा एकट्यानं झोपतानासुद्धा फेटा काढत नव्हता. तोंड लाल, अंग कोरडं ठणठणीत, घामाचा थेंब नाही. डोळे अर्धे उघडे. "हिकडं वळीव... कोकरू ऱ्हायलं..." असं काहीतरी चाललं होतं.

तिनं रुग्णवाहिकेला फोन लावला. पाऊण तास लागेल, म्हणाले. ती हौद्यात चढली, त्याचा फेटा सोडला, कोपरीचे बंद सोडून ती अंगातून काढली. आजवर या माणसाच्या पायांखेरीज कशाला तिचा हात लागला नव्हता. घागरीतलं निम्मं पाणी तिनं डोक्यावर-छातीवर ओतलं, उरलेल्या पाण्यात फेटा भिजवून अंगावर पसरला. मग खाली उडी मारली, शेडमधून किल्ली आणली आणि गाडी सुरू केली.

किसनबापू आवाजानं दारात आला. त्याला दिसलं ते एवढंच, की सिदूतात्याला हौद्यात घालून सून गाडी सावलीतून काढतेय आणि उघड्या माळाकडे चाललीय.

"अगं ए पोरी, म्हाताऱ्याला भर उन्हात कुठं नेतीस? जीव घेतीस का काय त्याचा?"

"बापू, पाणी घेऊन या," ती खिडकीतून म्हणाली. "घरात हाय तेवढं सगळं. मग काय बोलायचं ते बोला."

बापू चरफडत आत गेला, पण दोन कळशा घेऊन धावत आला हेही सांगितलं पाहिजे.

माळावर, जिथं लांबपर्यंत ना झाड ना भिंत, तिथं तिनं गाडी उभी केली. चारही पडदे वर गुंडाळले. बापू पाणी ओतत राहिला, ती पुठ्ठ्यानं वारा घालत राहिली आणि मधूनमधून बंदूक छताकडे रोखत राहिली. त्रेचाळीस. एक्केचाळीस. अडतीस. बापूनं एकदा हात वर करून छताला लावला, मग हाताकडे बघितलं आणि काही न बोलता पुढची कळशी उचलली.

वीसेक मिनिटांनी सिदरामचे डोळे सुनेवर स्थिरावले. तिचा पदर कमरेला खोचलेला, केस पाण्यानं चिकटलेले. त्याचा हात अंगावरचा ओला फेटा डोक्यावर ओढायला धडपडू लागला.

"मामा, पडून ऱ्हावा," ती म्हणाली. "हात हलवायचा न्हाई."

सोळा वर्षांत तिनं त्याला उद्देशून बोललेलं हे पहिलं वाक्य. तो पडून राहिला.

दवाखान्यात पाच दिवस गेले. पाण्यानं किती वाचवलं आणि कापडानं किती, हे डॉक्टरांना सांगता आलं नाही. फोनवर मेघना हिरेमठांनाही नाही. "दोन्हींनी," एवढंच त्या म्हणाल्या. बंडगरवाडीनं मात्र आपला निकाल लावून टाकला होता. किसनबापूनं आपल्या हातानं ते छत बघितलं होतं आणि बापूला कळलेली गोष्ट तालुक्याला कळायला एक दिवस पुरतो. त्याच आठवड्यात अकरा पिकअपवाले शेडसमोर येऊन उभे राहिले. पुण्याच्या हौशी लोकांचे तंबू मागं पडले. दैवशाला बारा-बारा तास मशीनवर बसली. लवकरच दुपारी माळावर उन्हात गाड्यांची रांग दिसू लागली, आणि झाडाखाली एकही गाडी नाही.

सिदराम घरी आला त्या दिवशी बाहेर सेहेचाळीस होतं. तो आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता. बारा वाजत आले तशी दैवशाला हात पुसत उठली. बिरुदेव म्हणाला, "थांब, मी सांगतो त्येला."

"नको. मी सांगते."

ती सासऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. पदर डोक्यावर होता, पण नजर खाली नव्हती.

"मामा, माळावर चला. तंबूत पडायचंय."

तिला वाटलं, आता थांबले तर पुन्हा नाही जमायचं.

"आन एक सांगायचं हाय. लिंबाखाली ते कापड चालत नव्हतं. जरा कमी न्हाई, अजिबात नव्हतं चालत. मला पहिल्या दिवसापासनं ठावं होतं. मोजून बघितलं होतं मी, आन गप बसले."

बिरुदेव जागच्या जागी आक्रसला. सिदरामनं मान वर करून सुनेकडे बघितलं.

"मेलो आसतो की गं मी."

"व्हय," दैवशाला म्हणाली. ती रडत होती आणि डोळे पुसत नव्हती.

"मग तवाच तोंडावर का न्हाय सांगितलंस?"

"तुमी ऐकलं आसतं?"

सिदरामनं विचार केला. उत्तर द्यायला त्याला वेळ लागला, कारण तो खरं उत्तर शोधत होता. "न्हाय. सुनंनं तोंड वर करून सांगितलं म्हनून दोन दिस जेवलो नसतो. आन पडलो आसतो लिंबाखालीच."

मग उठायला आधार हवा म्हणून त्यानं हात पुढं केला. बिरुदेव लगबगीनं पुढं सरकला.

"तू नगं," सिदराम त्याला म्हणाला. "तू आता मधी येऊ नगंस."

हात तसाच पुढं होता. दैवशालानं तो धरला आणि दोघं बाहेर पडली.